डाव्या हाताचं वळण

मध्यम पल्ल्याच्या धावपटूची एक पंचाईत असते. शंभर मीटरवाला म्हटलं की लोक कौतुकाने बघतात, मॅरेथॉनवाला म्हटलं की आदराने. मी आठशे आणि पंधराशे मीटर पळायचो असं सांगितलं की समोरचा जरा वेळ थांबतो आणि विचारतो, "म्हणजे दीड किलोमीटर? बास?" आमच्या एका चुलत्याने तर मला तोंडावर सांगितलं होतं, की म्हैस सुटली की तेवढं तो रोज पळतो. त्याच्यावर मी अजूनही थोडा चिडून आहे. म्हैस कधी दीड किलोमीटर पळत नाही. ती शेजारच्याच वावरात चरत उभी असते.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडे. एक्याऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल, मी शाळेत होतो. गावात मैदान नव्हतं. तालीम होती आणि तालमीला वस्ताद होते. ते नात्याने आमचे कुणीच नव्हते, पण गावातल्या कुठल्याही पोराला रागवायचा हक्क त्यांना होता. मी अंगाने काटकुळा. कुस्तीत माझा काही उपयोग नाही हे त्यांनी लवकरच ओळखलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून ते म्हणाले, "ह्याला चित करायला पैलवान कशाला पायजे, वाऱ्यानंच पडंल. पण पाय हलके हाइत पोराचे. ह्याला पळू द्या."

पळायचं कुठे, तर मारुतीच्या देवळाभोवती. देऊळ, मागचा पार, चावडी आणि शाळेची भिंत असा तो मोठा वळसा होता. देवळाभोवती पळायचं म्हटल्यावर उजवा हात देवाकडे ठेवूनच पळणार. पोळ्याला बैल त्याच अंगाने फिरतात, नवरदेव त्याच अंगाने जातो, बाळंतीण बाळाला घेऊन पहिल्यांदा बाहेर पडते तीही त्याच अंगाने. वस्तादांना, अण्णांना किंवा मला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. दोन हिवाळे मी असा प्रदक्षिणेच्या अंगाने पळालो. वस्ताद पारावर बसून ओरडायचे आणि अण्णा वावरात जाता जाता थांबून बघायचे. माझी पावलं, खांदे, कंबर, सगळं उजवीकडे कलायला शिकलं, आणि गावात माझ्याइतकं वेगाने वळणारं कुणी नव्हतं.

मग जालन्याला जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आल्या. अण्णा आणि वस्ताद मला घेऊन गेले. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा आखलेल्या होत्या. इतक्या सरळ रेघा मी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे पाय ठेवायचीही भीती वाटत होती. नाव पुकारलं तसा मी जाऊन रेघेवर उभा राहिलो आणि बाकीच्यांच्या उलट दिशेला तोंड करून उभा राहिलो. शेजारच्या मुलाने माझे खांदे धरून मला फिरवलं. तो हसला नाही हे त्याचे उपकार, कारण बाकी सगळं मैदान हसत होतं.

त्यानंतर मी जे केलं त्याला पळणं म्हणवत नाही. तिथे डावा हात आत ठेवून पळायचं होतं. सरळ जागेवर मी सगळ्यांच्या बरोबरीने असायचो आणि वळण आलं की बाहेर फेकला जायचो, जणू कुणी बखोटीला धरून ओढतंय. शेवटून दुसरा आलो. शेवटचा होता त्याच्या पायात काटा मोडला होता. परतीच्या एसटीत भोकरदन आल्यावर वस्ताद फक्त म्हणाले, "साली शहराची रीतच उलटी."

घरी जेवताना मी ही हकीकत मायला सांगितली. मला वाटलं होतं ती हसेल. माझी माय तशी हसरी होती, लोकांच्या चालण्याच्या नकला करायची. मी ताटाभोवती बोट फिरवून दाखवलं, "अशा बाजूनं पळतात तिथं, डाव्या अंगानं." तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. ती तशीच करपली.

"तसं पळायचं न्हाई," ती म्हणाली.

"अगं सगळी दुनिया तशीच पळती मंग," अण्णा म्हणाले.

"दुनियेला पळू द्या. माझ्या लेकरानं पळायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी वावरात अण्णांनी मला सांगितलं. माय लहान असताना तिचे वडील गेले होते. अग्नी त्यांच्याच वावरात दिला. बायकांनी जायचं नसतं, पण पोरीबाळींकडे त्या दिवशी कोण बघतं. ती बांधावरच्या बाभळीमागे उभी होती. तिच्या भावाने खांद्यावर पाण्याचं मडकं घेतलं आणि चितेभोवती उलट्या फेऱ्या घेतल्या, डावा हात चितेकडे ठेवून. मागून कुणीतरी मडक्याला दगडाने भोक पाडत होतं आणि पाणी त्याच्या पाठीवरून गळत होतं. डाव्या अंगाने फिरणारा मुलगा तिने तेवढा एकदाच पाहिला होता. आता तिचा स्वतःचा मुलगा तसाच फिरायला निघाला होता आणि लोक त्याला टाळ्या वाजवणार होते.

अण्णांनी कशीबशी तडजोड घडवून आणली. गावाच्या शिवेत मी सुलट पळायचं, बाहेर गेल्यावर काय करायचं ते करायचं, आणि मायने ते बघायला यायचं नाही. तिनेही एक अट घातली. शर्यतीहून आलं की घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातल्या तुळशीला तेवढेच फेरे मारायचे, उजव्या अंगाने.

अशी ती रीत सुरू झाली. मी खांद्यावर पिशवी घेऊन एसटीतून उतरायचो, दारात माय उभी असायची. पहिला आलास का दुसरा, हे ती विचारायची नाही. विचारायची, "किती झाले?" आठशे मीटर असेल तर दोन. मग मी तशाच घामट अंगाने तुळशीला दोन फेरे मारायचो आणि ती बाजूला व्हायची. पंधराशेला अडचण आली, कारण पंधराशे मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या होतात. मी तिला ते समजावून सांगितलं. ती विचारात पडली. "पाऊण फेरा घ्यायचा कसा? देव काय म्हणंल. चार कर. एक पाव त्याच्याकडं जमा राहू दे." शेजारच्या बायका भिंतीवरून बघायच्या आणि पदरात हसायच्या. मला लाज वाटायची, राग यायचा, आणि फेरे मारून झाल्यावर बरंही वाटायचं. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मी डावं वळण शिकलो. जालन्याच्या कॉलेजात गेलो तेव्हा तिथले क्रीडाशिक्षक मला फक्त वळणावरच पळवायचे, तेही सकाळ-संध्याकाळ. हळूहळू असं झालं की सरळ जागेवर मी बेताचाच राहिलो आणि वळण हीच माझी जागा झाली. लोक वळणावर दम राखून ठेवतात. मी तिथेच खर्च करायचो आणि बाहेरच्या बाजूने एकेकाला मागे टाकायचो. परभणी, नांदेड, पुणे, जिथे गेलो तिथे मला त्यावरून ओळखायला लागले. त्याच जोरावर पुढे मला एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली आणि मी गाव सोडून खात्याच्या वसतिगृहात राहायला गेलो.

तिकडे जाताना मायने विचारलं, "तिकडं रोजचे किती फेरे व्हतील?"

"मोजता येत न्हाईत माय. लय व्हतात."

तिने माझ्या पिशवीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "बरं. तू तुझं बघ. इथले मी मारीन." तेव्हापासून रोज सकाळी पाणी घालून झालं की ती माझ्या वाटणीचे फेरे तुळशीला मारायला लागली. किती मारायचे हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून चहा उकळेपर्यंत मारायची. अण्णा ओसरीवर बसून तिला चिडवायचे, "पाय उचला जरा, मागून कोणी गाठंल."

अण्णा जमेल त्या शर्यतीला यायचे. डोक्याला टोपी, धोतराच्या सोग्यात भाजलेल्या शेंगा. शर्यत संपली की मला विचारायचे, "दम लागला का?" लागला म्हटलं की त्यांना बरं वाटायचं, कारण फुकटचं काही त्यांना आवडत नसे. घरी जाऊन ते मायला शर्यत सांगायचे. मी एकदा आत पाणी पिता पिता ऐकलं होतं. "निघाला तो असा सरळ," ते सांगत होते. "म्होरं दोघं होते. ह्यानं एकाला सोडलं, मंग दुसऱ्याला सोडलं, आन् बिलकुल सरळ जाऊन दोरीला छाती लावली." त्यांच्या सांगण्यात मैदानाला वळण नसायचंच. मी जणू जालन्याहून औरंगाबादच्या रस्त्याला लागलो होतो. माय डोळे मोठे करून ऐकायची आणि म्हणायची, "सरळ पळतो ना? मंग बरं हाय."

राज्य स्पर्धेत पदक मिळालं तेव्हा गावाने वाजतगाजत आणलं. मायने पुरण घातलं. कुणीतरी तिला कौतुकाने सांगायला गेलं, "तुमचं पोरगं वळणावर लई भारी," तर ती ताट तसंच ठेवून आत निघून गेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सगळं गाव आलं होतं, पण मी पळतो कसा हे तिने कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणार नव्हती. माझी एकच चांगली गोष्ट, आणि नेमकी तीच तिच्यापासून लपवावी लागायची. तिने एकदा तरी यावं असं मला मनापासून वाटायचं, पण तसं म्हणायची माझी हिंमत कधी झाली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत अण्णा गेले. वावरातच छातीत कळ आली, घरापर्यंतही आले नाहीत. मी पोहोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. खांद्यावर मडकं दिलं. फेऱ्या कुठल्या अंगाने घ्यायच्या हे अशा वेळी प्रत्येक मुलाला सांगावं लागतं, कारण आयुष्यभराची सवय दुसऱ्या बाजूची असते. वस्ताद म्हातारे झाले होते, ते सांगायला पुढे सरकले. त्यांनी तोंड उघडायच्या आत माझे पाय डावीकडे वळले होते. वस्ताद तिथेच थांबले आणि त्यांनी उपरणं डोळ्याला लावलं.

नोकरीवर परत गेलो आणि सरावाला उभा राहिलो. पहिल्या वळणावर डावा खांदा जड झाला. मला वाटलं नस आखडली असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सरळ जागेवर काही नाही आणि वळण आलं की खांद्यावर मडकं यायचं, पाठीवरून गार पाणी उतरायचं. एका शर्यतीत तर मी वळणावर रेघ ओलांडून गवतात जाऊन बसलो. लोकांना वाटलं पाय मुरगळला. मीही तेच सांगितलं, रजा टाकली आणि गावी आलो.

गावी मी काहीच करत नव्हतो. सकाळी जाग यायची, पण उठून बाहेर पडायचो नाही. माय बघत होती. मग एका सकाळी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "बुटावर धूळ बसली तुझ्या."

मी म्हटलं, "बसू दे."

"सोडलं का?"

खरं तर तिला सांगायचं नव्हतं. ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं घाबरली, तीच मला येऊन चिकटली हे तिला कसं सांगणार. पण तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली, आणि मला रडू आलं. चांगला नोकरीचा माणूस, मिशा असलेला, मी तिथे अंगणात बसून रडलो आणि सगळं सांगितलं. वळण आलं की अण्णा आठवतात, त्यांच्या भोवतीच फिरतोय असं वाटतं, म्हणून पळवत नाही.

मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, सुटलास. ती ज्वारीतले खडे वेचत राहिली.

"पुढची कधी हाय?" शेवटी तिने विचारलं.

विभागीय स्पर्धा होती, तीही जालन्यातच, आणि माझं नाव आधीच गेलेलं होतं. पण मी जाणार नव्हतो. तसं मी तिला सांगितलं.

"मी येते," ती म्हणाली.

"कशाला?"

"इतके दिवस ते येऊन सांगत होते, सरळ पळतो म्हणून. आता मला सांगणारं कोण हाय? मीच बघते येऊन, तू कसा पळून राह्यला ते. तशा फेऱ्या हाइत का दुसऱ्या हाइत, माझं मला कळंल."

अजून वर्षश्राद्ध व्हायचं होतं. शेजारणी म्हणाल्या, अशात बाहेर पडू नये, तेही पळापळ बघायला. मायने ऐकून घेतलं आणि भाकरी बांधल्या. एसटीने आम्ही जालन्याला आलो. नवीन जालन्यातली गर्दी, दुकानांच्या पाट्या, रिक्षांचे भोंगे, ह्यातलं तिने काहीच पाहिलं नाही. रिक्षात माझा हात धरून बसली होती.

मैदानात तिला मी मांडवाच्या सावलीत, सरळ धावपट्टीच्या समोर बसवलं. वळणापासून जितकं लांब बसवता येईल तितकं. पंधराशे मीटर होते.

पहिल्या वळणावर मडकं आलं. यायचंच होतं. मी दात आवळून पळत राहिलो आणि सरळ जागेवर आल्यावर मांडवाकडे पाहिलं. माय पदर तोंडाला लावून खाली मातीकडे बघत बसली होती. दुसऱ्या फेरीला पाहिलं तर तशीच, मान खाली. मला वाटलं हिला आणायलाच नको होतं, आपण आपल्या मायला हे काय करायला लावलं. तरी मी पळत होतो. ती तिथे बसली आहे तोवर गवतात जाऊन बसायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या वेळेला पाहिलं तर जागा रिकामी. पिशवी होती, ती नव्हती. शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि माझं लक्ष मांडवात, तिला शोधत. तिला सोसलं नाही, ती उठून गेली, अनोळखी गावात कुठे गेली असेल, आता एवढंच मनात होतं. पलीकडच्या सरळ जागेवर एक उंच मुलगा माझ्या अंगाला घासून पुढे गेला. मी तिसरा होतो, चौथा झालो. शर्यत गेली तर गेली, आधी माय कुठे आहे ते बघू, म्हणून मी मागे मान वळवली.

"म्होरं बघ."

आवाज समोरून आला, शेवटच्या वळणावरून. फक्कीच्या रेघेपलीकडे दोरी बांधली होती आणि दोरीला दोन्ही हातांनी धरून माय उभी होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. ती थेट माझ्याकडे बघत होती. मी डाव्या अंगाने वळत तिच्या समोरून गेलो, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, आणि पूर्ण वळणभर ती मला बघत राहिली. खांद्यावर काही होतं का नव्हतं हे मी तेव्हा पाहिलंच नाही. पुढे तो लांबड्या होता, तेवढा दिसत होता. त्याला मी गाठू शकलो नाही. चौथा आलो.

मी धापा टाकत तिच्याकडे गेलो. ती काहीतरी हळवं बोलेल असं मला वाटलं होतं.

"गेला ना तो लांबडा म्होरं," ती म्हणाली. "तू माझ्याकडं काय बघून राह्यला होता? मी काय पळून राह्यले होते?"

"तू दिसलीच न्हाईस. मला वाटलं निघून गेलीस."

"गेल्ते ना. तिथून वळण दिसत न्हाई. निसतं येताना आन् जाताना दिसतं. इथून बराबर दिसतं." तिने पदर सारखा केला आणि माझ्या तोंडावरचा घाम त्याच पदराने पुसला. पुसता पुसता म्हणाली, "वळतो चांगला तू. कुणी सांगितलंच न्हाई मला."

मी म्हटलं, चल, भोकरदनची एसटी निघेल.

तेवढ्यात मुलींची आठशे मीटर लागली. एक सावळी बारकी पोर अनवाणीच रेघेवर येऊन उभी राहत होती. मायने पुन्हा दोरी धरली. "थांब जरा," ती म्हणाली. "पोरींचं होऊ दे." आमची एसटी चुकली.